विसळणाचं पाणी

सांडलेलं पाणी मला अजूनही बघवत नाही. हॉटेलात समोरचा माणूस अर्धा ग्लास पिऊन उठला की त्याच्या बोलण्यावरचं माझं लक्ष उडतं आणि त्या उरलेल्या अर्ध्या ग्लासावर जाऊन बसतं. नांदेडला वसतिगृहात राहायला गेले तेव्हा तिथल्या मुली नळ उघडा ठेवून दात घासायच्या. मी मागून जाऊन तो बंद करायचे. "लातूरची आहे ती," असं म्हणून त्या हसायच्या. गोदावरीच्या काठावर वाढलेल्यांना काय कळणार, असं मी मनातल्या मनात म्हणायचे, आणि मला त्या गोष्टीचा थोडा तोराही होता. ज्या सवयीचा तोरा मिरवला तिनंच माझी सहा वर्षं खाल्ली. ते कसं, हे कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

आमच्या लातूरच्या घरी नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात तर दिवस मोजणंही आम्ही सोडून दिलं होतं. आईनं तेव्हापासून एक पद्धत बसवली. भांडी घासून झाली की तीन पातेली ओळीनं मांडायची. भांडं पहिल्या पातेल्यात बुडवायचं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यातलं पाणी दुसऱ्यात जायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात, आणि पहिल्यातलं कढीपत्त्याच्या झाडाला. तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं फरशीला. ग्लास धुताना ती तळहातावर मावेल एवढंच पाणी आत घ्यायची, मनगटाला एक झोका देऊन ते फिरवायची, झटकायची आणि ग्लास पालथा घालायची. तो झोका माझ्या मनगटात कधी आला ते मला सांगता येणार नाही. तिनं शिकवला नाही, मी शिकले नाही, पण आला.

वडील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवसांत ते घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. आईला मात्र टँकर आला की घागर घेऊन रांगेत उभं राहावंच लागायचं. तिला आधी ताप आला आणि दोन दिवसांत उतरला. वडिलांचा उतरला नाही. नवव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. मी नांदेडला अडकले होते. पास काढून, दोन गाड्या बदलून पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आई उंबऱ्यात बसली होती. डोळे कोरडे होते.

"म्याच आणला बाई त्याला घरात," ती म्हणाली. "घागरीसंगं."

मी तिला पुष्कळ समजावलं. हवेतून येतो, कुणाकडूनही येतो, नेमकं कुणाला सांगता येत नाही, असं सगळं सांगितलं. तिला ते पटलं नाही. माझ्याही बोलण्यात जोर नव्हता, कारण तसंच झालं असणार हे मला कळत होतं.

तोवर माझा पीएच.डी.चा विषय केळीवरच्या एका रोगाचा होता. अर्धापूरच्या बागांतून पिवळी पडलेली पानं आणायची, त्यातला विषाणू वेगळा करायचा, असं चाललं होतं. वडील गेल्यावर मी सरांकडे गेले आणि विषय बदलायचा आहे म्हणाले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. कमी बोलणारे, चहा गार करून पिणारे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुःखातून विषय निवडू नये. विषयाला तुझ्या दुःखाचं काही देणंघेणं नसतं." मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी सही केली.

या विषाणूच्या अंगावर खिळ्यांसारखी प्रथिनं असतात हे आता पोराटोरांनाही माहीत झालं आहे. त्यातल्या एका प्रथिनाचा अगदी छोटा तुकडा, पंचवीसेक अमिनो आम्लांचा, मी अभ्यासाला घेतला. पेशीच्या पडद्यात आधी घुसतो तो हा भाग. आईला मी सांगितलं, दाराच्या फटीतून हात घालून आतली कडी काढतात ना, त्या हाताचं हे बोट. प्रश्न एवढाच होता की हे बोट पाण्यात एकटं असताना सैल पडलेलं असतं, की आधीपासूनच स्प्रिंगसारखं वळलेलं असतं. वळलेलं असेल तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी बनवता येईल, अशी आशा धरायला जागा होती. सैल असेल तर धरणार काय, आणि कुठं?

हे डोळ्यांनी दिसत नाही. सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. त्यासाठी एक यंत्र असतं. डावीकडे फिरत जाणारा आणि उजवीकडे फिरत जाणारा, असा दोन तऱ्हांचा प्रकाश ते द्रावणातून सोडतं आणि प्रथिनानं कुठला किती शोषला त्यातल्या फरकाचा आलेख काढतं. प्रथिन वळलेलं असेल तर आलेखात दोन खड्डे पडतात, एक दोनशे आठ नॅनोमीटरला आणि एक दोनशे बावीसला. सैल असेल तर दोनशेच्या अलीकडे एकच खोल खड्डा. बाकीचं सगळं गणित नंतरचं. त्या वर्षांत मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी दोनशे बावीस हाच आकडा सांगितला असता.

माझा विभाग नांदेडला आणि हे यंत्र लातूरच्या एका महाविद्यालयात. कुठल्याशा मोठ्या संस्थेनं नवं घेतलं म्हणून जुनं इकडे आलं होतं. मला त्याचा आनंदच झाला, कारण त्या निमित्तानं घरी जाता यायचं. विकत घेतलेला तुकडा म्हणजे एका बारक्या नळीच्या तळाला चिकटलेली पांढरी भुकटी, चिमटीतही न येणारी. ती नळी थर्मासमध्ये बर्फात ठेवून मी पहाटेची एसटी धरायचे. लोहा, अहमदपूर, चाकूर. खड्डा आला की थर्मास मांडीवरून उचलून हवेत धरायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय मॅडम, कुल्फी हाय का आत?" मी हो म्हणाले. विषाणूचा तुकडा आहे म्हटलं असतं तर त्यानं मला माळरानावर उतरवलं असतं.

लातूरला यंत्र सांभाळायला एक मामा होते. उदगीरकडचे, पांढऱ्या मिशांचे, यंत्राला 'साहेब' म्हणणारे. साहेब गरम झाले का, साहेबांना नायट्रोजन लागतो, अशी त्यांची भाषा. माणूस कामाचा पक्का. पण त्यांचा खरा जीव यंत्रापेक्षा ऊर्ध्वपातित पाण्याच्या कॅनवर होता. एक लिटर असं शुद्ध पाणी काढायचं तर थंड करायला नळाचं आठ-दहा लिटर पाणी वाहू द्यावं लागतं. महाविद्यालयाला नळ आठवड्यातून एकदा यायचा. मामा त्याच दिवशी भट्टी लावायचे, वाहून जाणारं पाणी ड्रममध्ये धरायचे, ते संडासांना आणि बागेला पुरवायचे, आणि जो काही एक कॅन शुद्ध पाण्याचा हाती यायचा तो कुलपात ठेवायचे.

"डिस्टिल्ड वॉटर म्हंजी अत्तर हाय, मॅडम," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं आणि एक बीकर भरून समोर ठेवला. "दिवसभर ह्याच्यात भागवायचं. जास्ती मागू नका, मला न्हाई म्हनायला बरं वाटत न्हाई."

"फिकीर करू नका मामा," मी म्हणाले. "मी लातूरचीच आहे."

त्यांचा जीव केवढा भांड्यात पडला! पुण्यामुंबईकडची पोरं येऊन कॅनच्या कॅन ओतून जातात, ही त्यांची नेहमीची तक्रार. माझ्यावर ते खूश झाले. मीही माझ्यावर खूश होते.

कामाचा क्रम ठरलेला होता. सकाळी आधी नुसतं बफर मोजायचं, म्हणजे ज्या पाण्यात तुकडा विरघळवायचा ते पाणी. मग यंत्र बरोबर चाललं आहे का हे बघायला अल्ब्युमिन मोजायचं. हे रक्तातलं प्रथिन, चांगलं गच्च वळलेलं. त्याचे दोन खड्डे इतके ठळक येतात की नवखाही ओळखेल. मग क्युव्हेट धुवायचं आणि त्यात माझा तुकडा भरायचा. क्युव्हेट म्हणजे क्वार्ट्झची चपटी कुपी, बोटाएवढी, आत जेमतेम एक मिलिमीटरची फट. पुस्तकात ती धुवायची रीत दिली आहे: ताज्या पाण्यानं दहा वेळा, मग आम्लानं, मग पुन्हा ताज्या पाण्यानं. मी ती रीत वाचली होती. परीक्षेत लिहिली होती. आणि लातूरच्या त्या खोलीत बसून मी बीकरमधलं थोडं पाणी ड्रॉपरनं क्युव्हेटमध्ये घेत होते, मनगटाला एक झोका देत होते, आणि ते पाणी पुन्हा त्याच बीकरमध्ये झटकत होते. दोनदा, फार तर तीनदा. मोरीत एक थेंब गेला नाही. मामा कौतुकानं बघत होते.

त्या दिवशी दोनशे बावीसला खड्डा आला.

खोल नव्हता, अल्ब्युमिनसारखा नव्हता, पण होता. मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, नवं द्रावण केलं, पुन्हा आला. महिन्यानं तिसऱ्यांदा गेले, पुन्हा आला, तितकाच. तीनदा तेच आलं की शास्त्रात त्याच्यावर विश्वास ठेवतात. सरांनी तिन्ही आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. मग स्वतः उठून बाहेर गेले आणि कागदाच्या पुड्यात पेढे घेऊन आले. इतक्या वर्षांत मी त्यांना कॅन्टीनच्या पुढं कुठं जाताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चहाही गरम प्यायला.

आईला मी फोनवर सांगितलं की ते बोट वळलेलं आहे.

"म्हंजी धरता येतंय का त्याला?"

"येईल कदाचित. पुढं कुणीतरी धरेल."

"धरा बाई," ती म्हणाली. "त्याला धराच."

त्यानंतर मी घरी गेले तर गल्लीतल्या बायका मला बघायला आल्या. माझ्या लेकीनं त्या रोगाचा आकार हुडकला, असं आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आई त्या दिवशी, टँकर जिथं रिकामा होतो त्या टाकीवर, बायकांत बसून हसली. वडील गेल्यापासून मी तिला दात दिसतील असं हसताना पाहिलं नव्हतं. कडी काढणारा सापडला, एवढंच तिला कळलं होतं, आणि तेवढ्यानं तिच्या छातीवरचं काहीतरी हललं होतं. मी तिला आवरलं नाही. मला ते फार हवं होतं.

मग पुढची दोन वर्षं त्या खड्ड्यावर इमारत चढत गेली. वळलेल्या तुकड्याला धरायला काय बसेल याची संगणकावर जुळवाजुळव केली. प्रबंधाची दोन प्रकरणं त्यावर उभी राहिली. शोधनिबंध लिहून सरांनी एका नियतकालिकाकडे पाठवला. मुदतवाढीच्या मागून मुदतवाढ घेत शेवटची उरली होती. ती संपायच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. तिकडून निबंधाच्या परीक्षकांचं पत्र आलं. काम आवडलं होतं. फक्त आणखी एका तापमानाला मोजून दाखवा, एवढं मागितलं होतं. एका दिवसाचं काम.

मी लातूरला गेले त्या दिवशी मामा रजेवर होते. मुलीचं लग्न होतं. किल्ल्या माझ्याकडे देऊन गेले होते, आणि टेबलावर धुतलेल्या बीकरमध्ये ताजं पाणी झाकून ठेवलेलं होतं. अल्ब्युमिनची कुपी रिकामी होती. नवी फ्रीजरमध्ये होती, पण ती वितळेपर्यंत थांबायचा मला कंटाळा आला. यंत्र रोजचंच आहे, कशाला तपासायचं, म्हणून मी बफर मोजलं आणि सरळ माझा तुकडा भरला.

खड्डा आला नाही. दोनशेच्या अलीकडे एकच खोल दरी, आणि दोनशे बावीसला सपाट.

तुकडा खराब झाला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. नवी नळी फोडली. शेवटची होती. पुन्हा सपाट. दिव्याला दोष दिला, नायट्रोजनला दिला, बसमधल्या खड्ड्यांना दिला. तोवर दुपार झाली होती आणि अल्ब्युमिन वितळलं होतं. यंत्रच बिघडलं असेल तर कळेल, म्हणून ते मोजलं. त्याचे दोन्ही खड्डे नेहमीसारखे ठळक. यंत्र ठणठणीत होतं. मी क्युव्हेट धुवायला बीकर ओढला, ड्रॉपरनं पाणी घेतलं, झोका दिला, पाणी बीकरमध्ये झटकलं. आणि माझा हात तिथंच थांबला. मी माझ्या मनगटाकडे बघत राहिले.

पुढचं मी अगदी सावकाश केलं. क्युव्हेट नेहमीसारखं दोनदा विसळलं. मग त्यात तुकडा घातलाच नाही. नुसतं बफर भरलं. विषाणूचा कण नाही, काही नाही, फक्त पाणी. झाकण लावलं, यंत्र सुरू केलं. दोनशे बावीसला खड्डा आला. माझा खड्डा. तोच, तेवढाच, ओळखीचा. मग विसळणाचं पाणी थेट बीकरमधून भरून मोजलं. त्यातही होता, फिकट, पण होता.

तीनदा तेच आलं होतं, कारण तीनदा मी तसंच विसळलं होतं. रक्तातल्या त्या प्रथिनाचा अंश क्वार्ट्झला चिकटून राहत होता, उरलेला बीकरमधून परत येत होता, आणि मी दोन वर्षं त्याला विषाणूचं बोट म्हणत होते. सहा वर्षं पाण्यात गेली असं लोक म्हणतात, ते किती सहज म्हणतात हे तेव्हा कळलं.

मी अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण पुरे अकरा दिवस होते ते, दहा नाही. मामांना माहीत नव्हतं, सरांना माहीत नव्हतं. आलेख माझ्याकडे होता आणि तो पुसायला एक बटण पुरलं असतं. पुन्हा जायचं, नेहमीच्या क्रमानं करायचं, म्हणजे खड्डा हमखास येणार. खोटं करायचीही गरज नव्हती. फक्त नेहमीसारखं वागायचं होतं. मला सर्वात जास्त भीती त्याचीच वाटली. प्रबंध गेला असता, महाविद्यालयातली बोलून ठेवलेली नोकरी गेली असती, ते सगळं मी मोजून बघितलं. पण रोज सकाळी मला आठवायचं ते टाकीवर बसून हसणारं आईचं तोंड.

बाराव्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन मी तो आलेख टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चहा गार होत होता.

"म्हणजे दोन वर्षं आपण तुझ्या धुण्याचा अभ्यास केला," ते म्हणाले. मग त्यांनाच ते बोलणं टोचलं असावं. चष्मा काढून ते तो पुसत बसले. "चूक माझीही आहे. बफर शेवटी मोजून बघ, असं मी एकदाही म्हणालो नाही. खड्डा मलाही हवा होता."

"आता काय करायचं, सर?"

"निबंध मी आज मागं घेतो. मुदत माझ्या हातात नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तुकडा सैल आहे, हेही एक उत्तरच होतं, त्यावरही लिहिता आलं असतं. पण त्यासाठी नवा तुकडा, नवं वर्ष आणि दोन नवी प्रकरणं लागली असती. नोंदणी गेली. पुढच्या सत्रात सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसले आणि हार घालायच्या आधीच निघून आले.

आईला मी खोटं सांगितलं. एवढं एकच खोटं, आणि ते मी ठरवून सांगितलं. ती मोरीत बसली होती, तीन पातेली ओळीनं मांडलेली होती.

"आई, ते खरं नव्हतं. तो तुकडा सैलच असतो. धरता येत नाही."

तिनं हात थांबवला. "मग आधी कामून दिसला?"

"यंत्र जुनं होतं."

"अस्सं," ती म्हणाली, आणि ग्लास झटकून पालथा घातला. पुन्हा काही विचारलं नाही. गल्लीतल्या बायकांना तिनं काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर टाकीवर ती थांबेनाशी झाली. घागर भरली की सरळ घरी.

आता मी लातूरलाच असते. इथं क्लासेसना तोटा नाही आणि जीवशास्त्र शिकवायला माणूस लागतोच. शेकडो पोरं समोर बसतात, प्रवेश परीक्षेच्या वह्या उघडून. प्रथिनांचा धडा आला की मी फळ्यावर ती स्प्रिंग काढते, नाव लिहिते, खाली दोन रेघा मारते. पोरं भराभर उतरवून घेतात. परीक्षेत तेवढंच विचारतात. कुणी मला विचारलेलं नाही की हे वळलेलं आहे हे कळतं कसं.

गेल्या महिन्यात मामा घरी आले. निवृत्त झाले होते, लेकीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं करत फिरत होते. मी क्लासला गेले होते. आईनं त्यांना चहा दिला. बोलता बोलता यंत्राचा विषय निघाला असणार, आणि आईनं सहज म्हटलं असणार की जुन्या यंत्रापायी लेकीचं नुकसान झालं. खरं काय झालं ते मी मामांना मागाहून सांगितलं होतं; साहेबांवरचा आळ त्यांना सहन झाला नसेल आणि ते बोलून गेले असणार. मी परत आले तेव्हा ते उठायच्या बेतात होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"साहेबांत कायबी खोट नव्हती, मॅडम," जाता जाता दारात ते हलक्या आवाजात म्हणाले. "पानी म्याच मापून दिलं तुमाला. तुमी तरी कामून ऐकलं माझं?"

ते गेले. मी आत आले. आई मोरीत होती. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीत होता. आज पातेली मांडलेली नव्हती. मामांनी चहासोबत पाणी प्यायलेला स्टीलचा ग्लास तिच्या हातात होता. पिंपाचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. तिनं तांब्या बुडवला, ग्लासावर ओतला, ग्लास आतून बाहेरून चोळला आणि पाणी मोरीत जाऊ दिलं. मग पुन्हा तांब्या बुडवला. मग पुन्हा. खाली बादली लावली नव्हती. पाणी नुसतं वाहत होतं.

"आई, झाला स्वच्छ," मी म्हणाले.

"न्हाई," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. "डोळ्यानं दिसत न्हाई ते. तूच सांगितलंय."

तिनं आणखी एक तांब्या ओतला.

"आसं धुवाया शिकवाय पायजे व्हतं म्या तुला. येक रोग म्या घागरीसंगं घरात आणला. आन दुसरं हे."

मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. तुझा दोष नाही, असं मी तिला एकदा सांगून पाहिलं होतं, उंबऱ्यात, आणि ते तिला तेव्हाही पटलं नव्हतं. तिनं तांब्या पुन्हा पिंपात घातला तेव्हा तो तळाला लागल्याचा आवाज आला. नळाला पाणी यायला अजून पाच दिवस होते. मी तिला थांबवलं नाही.